आईच्या भिंतीवर कुणाचं नाव

मी ग्वाल्हेर सोडलं त्या दिवशी आई स्टेशनवर आली नाही. कढईत तेल तापलेलं होतं आणि थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमधल्या एका घरी बारशाच्या करंज्या दुपारपर्यंत पोचवायच्या होत्या. तिने पिठाचे हात पदराला पुसले, माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "पोचलीस की मिस कॉल दे. मी उचलणार नाही, उगीच पैसे कशाला." एवढं बोलून ती कढईकडे वळली. बाबा टेम्पोत माझ्या शेजारी, माझी बॅग पोटाशी धरून बसले होते. महाराज बाड्याच्या चौकाचं गोल चक्कर मारून टेम्पो स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "तिला आज काम आहे तेच बरं आहे."

मी लग्न होऊन नाही, नोकरीसाठी निघाले होते आणि आमच्या गल्लीत त्याचं जरा आश्चर्यच होतं. पण पुण्याला जाते म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "वहाँ तो सब आप ही के लोग हैं," शेजारची गुप्ता चाची म्हणाली, जणू मी परदेशातून मायदेशी परतत होते. पुण्यात उतरल्यावर आपले लोक भेटले ते असे: ऑफिसात पहिल्याच दिवशी मी "जेवण करून घेतलं का सगळ्यांनी" एवढंच बोलले आणि एक बाई हसून म्हणाल्या, "तुम्ही हिंदी भाषिक असूनही मराठी छान बोलता हं." तुमच्यापैकी जे ग्वाल्हेरहून इकडे आले त्यांना हे वाक्य पाठ असेल. तिकडे आपण दोनशे वर्षं मराठे म्हणून राहिलो आणि इकडे येऊन हिंदीवाले झालो. राग यायचा, अजूनही येतो.

जे राहिले त्यांच्यासाठी आणि जे गेले त्यांच्यासाठीही मी हे लिहिते आहे. का लिहिते आहे ते शेवटी सांगेन, कारण आधी सांगितलं तर तुम्ही बाकीचं वाचणार नाही आणि बाकीचं वाचल्याशिवाय शेवट कळायचा नाही.

आमचं घर नई सडकेच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे रस्त्याला लागून ओटा. त्या ओट्यावर आई चकली, अनारसे, चिवडा विकते. ऑर्डर असेल तर पुरणपोळी. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, पण घर खरं चाललं ते ओट्यावर. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून वर आले होते. फौज गेली, तलवार कुणी कधी विकली ते कुणालाच सांगता येत नाही, पण खंडेनवमी तेवढी घरात राहिली. नवरात्रातल्या त्या दिवशी शस्त्रं नाहीत म्हणून आई विळी, सोऱ्या, झारा, बाबांची सायकल, पुढे मिक्सरसुद्धा पाटावर मांडायची आणि सगळ्यांना हळदकुंकू वाहायची. "ज्याच्यावर घर चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे," असं तिचं म्हणणं. मिक्सरच्या बटणात कुंकू जाऊन तो एकदा बंद पडला होता. तरी पुढच्या वर्षी पाटावर तो होताच.

बाबा गेले आणि साधारण त्याच सुमारास गल्लीतल्या लोकांच्या खिशातून रोकड नाहीशी झाली. कोचिंग क्लासच्या मुली ओट्यापाशी थांबायच्या, चकलीचं पाकीट उचलायच्या आणि विचारायच्या, "अम्मा, स्कैन नहीं है?" नाही म्हटलं की पाकीट परत ठेवून पुढच्या दुकानात जायच्या. आई मला फोनवर सांगायची आणि तिच्या आवाजात तक्रार नसायची, नवल असायचं. "हातात घेतलेलं परत ठेवतात गं. पैसे आहेत, भूक आहे, माल आहे. तरी परत ठेवतात."

मी सुट्टी घेऊन गेले. वाटलं, एका दुपारचं काम आहे. आईचा फोन साधा, बटणांचा. तो बदलता आला असता. पण बँकेत आणि आधारला लागलेला नंबर बाबांचा होता आणि तो बाबांबरोबर बंद झालेला. नंबर बदलायचा तर अंगठा द्यायचा. अंगठा दिला तर यंत्र म्हणे, ठसा जुळत नाही. उभा जन्म तापलेल्या झाऱ्याला आणि पोळपाटाला बोटं लावून तिच्या हातावरच्या रेषा गुळगुळीत झाल्या आहेत. आम्ही बाड्यावरच्या बँकेतून आधार केंद्रात आणि केंद्रातून परत बँकेत असे हेलपाटे घातले. यंत्रावर बोट दाबताना आई ओठ घट्ट मिटायची. शेवटी तिथला माणूस म्हणाला, "माताजी, आपका तो हाथ ही नहीं पढ़ रहा," आणि पुढच्याला बोलावलं.

मग मी सोपा रस्ता काढला. माझ्या खात्याचा चौकोनी कोड छापून घेतला आणि ओट्याच्या भिंतीवर चिकटवला. आई त्याला 'चौकोन' म्हणते. गिऱ्हाईक चौकोनावर फोन धरायचं, पैसे पुण्यात माझ्याकडे यायचे, महिनाअखेर ते मी आईच्या खात्यावर पाठवायचे आणि आई बाड्यावर जाऊन, रांगेत उभी राहून, चिठ्ठी भरून, स्वतःचेच पैसे हातात घ्यायची. आडवळणाचं होतं, पण चाललं.

त्यात मला एक सुख मिळालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईचा दिवस माझ्या फोनवर वाजायला लागला. सकाळी मी बसमध्ये असताना पहिली टिंग यायची, म्हणजे ओट्याचं दार उघडलं. दुपारी शांतता, म्हणजे ती आडवी झाली. चारनंतर एकामागून एक, म्हणजे कोचिंग सुटलं. मीटिंगमध्ये फोन थरथरला की मला तेलाचा वास आल्यासारखं व्हायचं. इतकी वर्षं दूर राहून मी आईच्या इतकी जवळ कधीच नव्हते.

तिला मात्र ते कधी आवडलं नाही. महिन्याच्या शेवटी म्हणायची, "जमलं तर पैसे पाठव हं."

"आई, जमलं तर काय? तुझेच आहेत ते."

"माझे आहेत गं. पण आहेत तर तुझ्याकडे न."

मी हसायचे. गिऱ्हाइकांच्या फोनवर, पुण्यात लग्न झाल्यावर लागलेलं माझं सासरचं नाव उमटायचं आणि कुणीतरी हटकून म्हणायचंच, अच्छा, बेटी के खाते में जाता है? तिकडे लेकीच्या पैशावर जगणं म्हणजे केवढी नामुष्की, ते तुम्हाला सांगायला नको. आई म्हणायची, "प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं की कमाई माझीच आहे." मी त्यावरही हसायचे.

यंदाच्या दसऱ्यापासून फोन वाजायचा थांबला.

पहिल्या दिवशी वाटलं, सणाची सुट्टी. मग वाटलं, नेटवर्क. आठवडा झाला तेव्हा मी आईला फोन लावला. उचलला एका पुरुषाने. "हाँ दीदी, रिंकू बोल रहा हूँ. चाची को देता हूँ, एक मिनट." रिंकू म्हणजे समोरच्या मोबाइलच्या दुकानाचा मालक, पस्तिशीचा, गल्लीत सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा. आईच्या फोनची बॅटरी फुगली म्हणून तिचं सिम त्याच्या दुकानातल्या फोनमध्ये होतं. दुकानातून ओट्यापर्यंतची त्याची चप्पल मला ऐकू आली.

"आई, बरी आहेस न?"

"मला काय धाड भरली आहे? फार गर्दी आहे यंदा. थाटीपुरवाल्यांच्या ऑर्डरी, क्लासच्या मुली, श्वास घ्यायला फुरसत नाही."

"सगळे रोख देतात का?"

"रोख कोण देतं आता? चौकोनावरच देतात."

मी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. आठवडाभर त्यावर आईचं काहीही आलं नव्हतं.

खोदून विचारल्यावर कळलं ते असं. खंडेनवमीला आईने नेहमीप्रमाणे सगळं पाटावर मांडलं. मग तिच्या मनात आलं की हल्ली घर चालतं ते त्या चौकोनावर आणि आपण त्याला कधी कुंकू लावलं नाही. तो भिंतीवरून निघेना, म्हणून तिने कुंकू पाण्यात कालवलं आणि भिंतीवर आहे तिथेच, बरोबर मधोमध, ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर हळदीची बोटं, फूल, अक्षता. दुसऱ्या दिवसापासून कुणाच्याच फोनला तो वाचता येईना. मुली पुन्हा पाकिटं परत ठेवायला लागल्या. रिंकू समोरून बघत होता. तो आला, हसला, जुना चौकोन खरवडून काढला आणि नवा चिकटवला.

"कुणाचा चिकटवला, आई?"

"चौकोनाच्याच जागी चौकोन लावला न. तू उगीच परेशान होतेस," ती म्हणाली आणि तेल तापलंय सांगून फोन ठेवला. म्हणजे रिंकूकडे दिला. तोच म्हणाला, "ठीक है दीदी, रखता हूँ."

दिवाळीच्या आधी मी ग्वाल्हेरला गेले. टेम्पोतून उतरले तोच रिंकूने येऊन माझी बॅग घेतली. मी येणार हे मी फक्त आईला सांगितलं होतं, पण आईला सांगितलेलं आता त्याच्या कानावरूनच जात होतं. आई फराळाची पाकिटं पोचवायला गेली होती आणि दाराला कुलूप होतं. रिंकूने खिशातून किल्ली काढली आणि माझ्यासाठी माझ्याच घराचं दार उघडलं. "चाची भूल जाती हैं न, इसलिए एक मेरे पास रहती है," तो म्हणाला. आत येऊन पंखा लावला, मला पाणी दिलं. कुठला पेला कुठे आहे ते त्याला माहीत होतं.

तो गेल्यावर मी ओट्यावर जाऊन चौकोनावर माझा फोन धरला. पडद्यावर रिंकूच्या दुकानाचं नाव आलं. त्याची अपेक्षा होतीच, तरी मी फोन पुन्हा एकदा धरून बघितला.

आई परतल्यावर दिवसभर तिच्याजवळ बसून पाहिलं. गिऱ्हाईक यायचं, फोन धरायचं, पडद्यावरची हिरवी खूण आईला दाखवायचं. आई मान हलवायची. संध्याकाळी दिवे लागताना रिंकू यायचा, दाराची कडी वाजवायचा, खिशातून नोटा काढून आईच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "चाची, आज का." किती आले, किती दिले, एक अक्षर नाही. मी ज्या दिवशी बसले होते त्या दिवशी चकलीचे सगळे डबे रिकामे झाले होते आणि त्याने जे दिलं त्यात त्या चकल्यांचं तेलसुद्धा आलं नसतं. आईने नोटा न बघता कनवटीला लावल्या आणि त्याला चिवड्याची वाटी दिली.

गॅस त्याच्या नंबरावरून बुक होतो. विजेचं बिल तो भरतो. आईचं आधार कार्ड त्याच्या दुकानाच्या खणात आहे, "सँभाल के रखा है दीदी." हे सगळं गल्लीसमोर, दिवसाढवळ्या, चाची चाची करत. मला भीती वाटली ती यामुळेच. चोरून केलं असतं तर मी ओरडू शकले असते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेले. म्हटलं, हे चालणार नाही. तो रागावला नाही. स्टूल पुढे केलं, चहा मागवला.

"दीदी, आप कहें तो अभी निकाल देता हूँ. मुझे क्या है. पर फिर सिलेंडर, दवाई, बिल, ये सब आप देख लेंगी न पुणे से? सावन में चाची चक्कर खाकर गिरी थीं, अस्पताल मैं ही लेकर गया था. उन्होंने आपको बताया नहीं होगा."

नव्हतं सांगितलं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता आणि त्याला ते दिसलं. "चाय लीजिए, ठंडी हो रही है," तो म्हणाला.

घरी आले ती सरळ भिंतीकडे गेले आणि चौकोनाच्या कोपऱ्याला नख लावलं. आईने माझं मनगट धरलं.

"काढू नकोस."

"आई, तो तुला लुबाडतो आहे."

"माहीत आहे मला."

मला वाटलं, तिला कळलं नाही मी काय म्हणाले ते. पण ती ओट्यावर बसली, मलाही शेजारी बसवलं आणि हळू बोलायला लागली. इतक्या हळू आई कधीच बोलत नाही. बोलताना मधूनमधून समोरच्या दुकानाकडे बघत होती.

"त्याने चौकोन लावला त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका मुलीने मला नाव वाचून दाखवलं. म्हणाली, अम्मा, ये सही है न? मी म्हटलं, हाँ बेटा, सही है."

"का पण?"

"मी पडले होते न, तेव्हा ओट्याचं दार बंदच होतं. तुझ्या फोनवर काय वाजलं असेल? काही नाही. तुला वाटलं असेल, आई आराम करते. वाटलं न? तो समोर आहे. ओटा उघडला नाही म्हणून बघायला आला. आता तर त्याचे पैसे माझ्यात अडकले आहेत. रोज संध्याकाळी कडी वाजवतो. पैसे द्यायला का होईना, पण येतो. मी मेले तर त्याला त्याच दिवशी कळेल."

मला रडू आलं, मग राग आला, मग पुन्हा रडू. मी म्हटलं, पुण्याला चल. ती म्हणाली, तिथे माझ्या चकल्या कोण घेणार, सोसायटीतल्या बायका? आणि तिथेही चौकोन तुझाच असणार न. हे मात्र मला लागलं. कारण तिच्या बाजूने बघितलं तर तिच्या भिंतीवर आधी एक न वाचता येणारी खूण होती आणि आता दुसरी आहे. मी पै न् पै परत करत होते आणि तो करत नाही, हा फरक मला डोंगराएवढा दिसतो. पण दोन्ही वेळा तिची कमाई दुसऱ्याच्या मुठीत जात होती आणि ती मूठ उघडण्याची वाट बघत ती ओट्यावर बसत होती.

मग ती आणखी हळू म्हणाली, "एकच गोष्ट मला बराबर नाही वाटत. मागच्या हप्त्यात तो एक छोटं यंत्र घेऊन आला होता. म्हणाला, चाची, पेन्शनचा हयातीचा दाखला घरीच होऊन जाईल, अंगूठा लगाओ. किती वेळा घासून घेतला माझा अंगठा. नाही उठला." आणि ती चक्क हसली. "तुझ्या बँकेला नाही उठला, त्यालाही नाही उठला."

मला हसू आलं नाही. तसं छोटं यंत्र बँकेचा माणूस घेऊन फिरतो तसंच कुणीही दुकानदार घेऊन फिरतो. अंगठा लागला की खात्यातले पैसे निघतात, नवं सिम निघतं, आणखी काय काय निघतं ते मला सुद्धा ठाऊक नाही. बाबांचं पेन्शन त्याच खात्यात येतं. ज्या गुळगुळीत बोटांनी तिला तिच्या स्वतःच्या पैशांपासून लांब ठेवलं, त्यांनीच आजवर तिला वाचवलं होतं.

मी होते तेवढ्या दिवसांत करता येईल ते केलं. कुलूप बदललं. नवा बटणांचा फोन आणून सिम त्यात घातलं आणि तिला बजावलं की हा हातातून सोडायचा नाही आणि त्याच्या यंत्राला अंगठा द्यायचा नाही. आधार कार्ड परत आणलं. आईला पुन्हा बाड्यावरच्या बँकेत नेलं. या वेळी खिडकीतली मुलगी चांगली होती. तिने आईची बोटं आपल्या हातात घेऊन उजेडात बघितली आणि म्हणाली, "आंटी, कुछ दिन गरम काम बंद कीजिए. रोज़ मलाई लगाइए. लकीरें वापस आ जाती हैं. फिर आइए, मैं खुद कर दूँगी." मला आशा वाटली. दिवाळी झाल्यावर महिनाभर कढई चढवायची नाही, हाताला रोज साय लावायची आणि मग मी येईन, आपण बँकेत जाऊ, तुझा नंबर, तुझा फोन, तुझा चौकोन, असं आमचं ठरलं. तुझं नाव लागेल भिंतीवर, मी म्हटलं. तिने विचारलं, "मराठीत लागेल?"

चौकोन मी भिंतीवर तसाच राहू दिला. तिने धरलेलं मनगट मला सोडवता आलं नाही. निघताना रिंकूनेच बॅग टेम्पोत ठेवली.

दिवाळी झाली. आई फोनवर आनंदात होती. कढई बंद, झारा बंद. "तू सांगितलंस तशी रोज साय लावते. बोटं कशी मऊ झाली आहेत, माझी मलाच ओळखू येत नाहीत." मी पुढच्या आठवड्याचं तिकीट काढून ठेवलं. बँकेतल्या मुलीला विचारून ठेवलं. इतकं सगळं मी नीट केलं होतं.

काल दुपारी ऑफिसात जेवत असताना रिंकूचा मेसेज आला. हात जोडल्याचं चित्र आणि खाली एकच ओळ.

"दीदी, खुशखबरी. चाची का अंगूठा आज लग गया."

मी डबा तसाच ठेवून आईला फोन लावला. तिच्या फोनवर, मीच आणलेल्या. उचलला गेला, पण कुणी बोललं नाही. पंख्याचा आवाज येत होता, आमच्या पुढच्या खोलीतल्या पंख्याचा. मग लांबून आईचा आवाज आला, "कोण आहे रे?" आणि फोनच्या अगदी जवळून रिंकू तिला म्हणाला, "कोई नहीं चाची, कंपनी वाले हैं." फोन बंद झाला. त्यानंतर तो लागतच नाही.

बँकेत फोन केला. म्हणाले, खातेदाराने स्वतः यावं, किंवा खात्याला लागलेल्या नंबरावर मेसेज येईल तो सांगावा. पोलीस चौकीत केला. म्हणाले, अर्ज घेऊन या. गल्लीतल्या कुणाला तरी सांगावं म्हणून फोनमधली नावं चाळली तेव्हा लक्षात आलं की आमच्या गल्लीतली मराठी घरं एकेक करून इंदूरला, नाशिकला, पुण्याला गेली. गुप्ता चाची मुलाकडे दिल्लीला गेली. त्या गल्लीतला माझ्याकडे आता एकच नंबर उरला आहे आणि तो रिंकूचा आहे.

मी गाडीत बसून हे लिहिते आहे. भुसावळ मागे पडलं, पण अजून रात्रभराचा रस्ता आहे आणि गाडी आधीच उशिरा धावते आहे. लोक विचारतात, इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर तुझं घर कुठलं? कालपर्यंत मी गमतीत काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे. आज विचाराल तर माझं घर म्हणजे अशी जागा, जिथे मी हाक मारते, आई कोण म्हणून विचारते आणि मधला माणूस तिला सांगतो, कुणी नाही.

म्हणून हा मजकूर मी आपल्या ग्वाल्हेरकरांच्या ग्रुपवर टाकते आहे. तुमच्यापैकी कुणी अजून लश्कर भागात राहत असाल, बाड्यावर कामाला येत असाल, तर माझ्या आधी पोचा. नई सडकेच्या मागची गल्ली, मोबाइलच्या दुकानासमोरचा ओटा. कडी वाजवा. समोरून कुणी हसत येऊन विचारलं तर थांबू नका, आत जा. आई कोण म्हणून विचारेल. तिला तुमचं नाव सांगा आणि सांगा, तुमच्या मुलीने पाठवलं आहे.